एकटी कशी जाईल?

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

कुणाचा स्वयंपाक आवरला असेल, कुणाच्या भाकरी अजून तव्यावर असतील. हातातलं काम चालू द्या, नुसता कान इकडे द्या.

आज मी समुद्राची गोष्ट सांगणार आहे. परभणीत बसून समुद्र कुठला, म्हणून हसू नका. आपलं पाणी म्हणजे येलदरीचं, नाहीतर गंगाखेडच्या गंगेचं. मी स्वतः समुद्र पाहिला तो चाळिशी उलटल्यावर, भावाच्या दवाखान्यासाठी मुंबईला गेले तेव्हा. पण मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत समुद्राचा विषय निघाला, आणि माझ्या हातून एक चूक झाली. ती आधी सांगते.

हप्ते जमा झाले, वहीवर सह्या झाल्या, बायका उठायला लागल्या. तेवढ्यात आमच्यातली एकजण म्हणाली, "ताई, थांबा जरा. पोरगी म्हणतीय नेवीत जायचं. अग्निवीरचा फॉर्म भरते म्हणतीय. तिचे वडील काही बोलंनात. तुम्ही सांगा, एकली कशी जाईल ती? समुद्र तरी पाहिलाय का आमच्या घरात कुणी?"

पोरगी दारातच उभी होती. बारावी झालेली, हुशार. आणि मी, दहा वर्षं गटाचं काम करणारी, सगळ्यांना 'मुलींना शिकवा' म्हणून सांगणारी बाई, पटकन म्हणून गेले, "अगं, नको त्या भानगडीत पडू. इथंच परभणीत काहीतरी बघू." पोरीनं मान खाली घातली आणि निघून गेली. कुणी काही बोललं नाही. मला मात्र रात्रभर झोप आली नाही. मी जे बोलले ते माहितीवरून बोलले नव्हते, भीतीपोटी बोलले होते. मग मी वाचायला घेतलं, माहीतगार माणसांना विचारलं. त्यातून जे हाती लागलं ते आज तुमच्यापुढे ठेवते.

गोष्ट सुरू होते ती साताऱ्याकडच्या एका खेड्यात. फलटणजवळ विंचुर्णी नावाचं गाव आहे. तिथं व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी राहायचे. नौदलातला फार मोठा अधिकारी माणूस. १९७१ च्या लढाईत त्यांना वीरचक्र मिळालं होतं. १९८३ साली निवृत्त झाल्यावर ते या आपल्यासारख्याच कोरडवाहू मुलखात येऊन राहिले. त्यांच्या मनात एक गोष्ट होती. भारताला एवढा मोठा किनारा, एवढं मोठं नौदल, पण शिडाच्या बोटीतून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केलेला एकही भारतीय नाही. हे व्हायला पाहिजे, असं त्यांनी धरून लावलं आणि नौदलाच्या गळी उतरवलं.

पृथ्वीप्रदक्षिणा म्हणजे किती, ते आपल्या हिशेबात सांगते. देवळाच्या प्रदक्षिणेला नियम असतात तसे याला पण आहेत. जिथून निघालात तिथंच परत यायचं. विषुववृत्त दोनदा ओलांडायचं. दक्षिणेकडची मोठी भूशिरं वळसा घालून पार करायची. आणि कमीत कमी २१,६०० सागरी मैल कापायचे, म्हणजे सुमारे ४०,००० किलोमीटर. परभणी ते मुंबई साधारण पाचशे किलोमीटर धरा. मुंबईला चाळीस वेळा जाऊन यायचं, तेही रस्ता नाही, स्टेशन नाही, चहाची टपरी नाही अशा वाटेनं.

नौदलानं विचारलं, कोण जातं? २००६ साली कमांडर दिलीप दोंदे यांनी होकार दिला. आपला मराठी माणूस. होकार दिला तेव्हा त्यांच्याकडं काय होतं? बोट नव्हती. एकट्यानं महासागर ओलांडल्याचा अनुभव नव्हता. आधी हे काम केलेला माणूस देशात नव्हता, की त्याला जाऊन विचारावं. म्हणून ते थेट इंग्लंडला गेले, सर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडं. या इंग्रज खलाशानं १९६८-६९ मध्ये कुठंही न थांबता, एकट्यानं, ३१२ दिवसांत पृथ्वीला फेरी मारली होती. असं करणारा तो जगातला पहिला माणूस. आणि गंमत ऐका, त्याची 'सुहैली' नावाची बोट सागवानाची होती आणि ती आपल्या मुंबईत, इथल्याच सुतारांच्या हातून बनली होती. दोंदे त्या माणसाजवळ राहिले. तो पुढच्या शर्यतीची तयारी करत होता, त्या तयारीत हाताखाली काम केलं. नौदलाचा कमांडर दुसऱ्याच्या बोटीवर मदतनीस झाला. शिकायचं तर असंच शिकावं लागतं. आपण नाही का, नवीन शिलाई मशीन आली की आधी चार दिवस दुसरीच्या शेजारी बसतो?

मग बोट. गोव्यात मांडवी नदीत दिवाडी नावाचं बेट आहे. तिथं रत्नाकर दांडेकर यांचा बोटी बांधायचा कारखाना. महासागरात जाणारी अशी शिडाची बोट त्यांनीही आधी बांधलेली नव्हती. नकाशे हॉलंडचे आणले. लाकडाचा गाभा आणि त्यावर फायबरचं कवच, अशी ५६ फुटांची बोट उभी राहिली. ५६ फूट म्हणजे दीड एसटी एवढी लांब. तिचं नाव ठेवलं 'म्हादई', मांडवी नदीचंच दुसरं नाव. बोट बांधली जात असताना दोंदे तिथंच असायचे. कुठली तार कुठून जाते, कुठला नळ कुठं उघडतो, सगळं स्वतः पाहत होते. कारण भर समुद्रात मिस्त्री बोलावता येत नाही.

फेब्रुवारी २००९ मध्ये म्हादई नौदलात आली. लगेच लांबच्या सफरीवर निघाले का? नाही. आधी मॉरिशसपर्यंत सोबतीनं गेले आणि परत येताना एकटे आले. मगच १९ ऑगस्ट २००९ ला, भर पावसाळ्यात, मुंबईहून निघाले आणि १९ मे २०१० ला मुंबईत परत आले. नऊ महिने! नऊ महिने म्हणजे काय, हे आपल्याला कुणी सांगायला नको. पण त्या नऊ महिन्यांच्या मागं तीन वर्षांची तयारी होती. पेपरात फोटो येतो तो नऊ महिन्यांचा. तीन वर्षं कुणाला दिसत नाहीत.

वाटेत ते चार ठिकाणी थांबले. ऑस्ट्रेलियात फ्रीमँटल, न्यूझीलंडमध्ये लिटल्टन, दक्षिण अमेरिकेच्या टोकाजवळ फॉकलंड बेटांवरचं पोर्ट स्टॅनली आणि आफ्रिकेत केप टाउन. तिथं बोटीची दुरुस्ती करायची, किराणा भरायचा आणि पुन्हा निघायचं.

बोटीवर माणूस करतो तरी काय दिवसभर? मला वाटायचं, शीड सोडलं की बसून राहायचं. तसं नाही. ते घरकामासारखंच आहे, कधी संपत नाही. वारा बदलला की शीड कमी-जास्त करायचं. फाटलं की शिवायचं. दोर घासतोय का पाहायचं. झोप सलग नाही, तुकड्या-तुकड्यानं घ्यायची, तान्हं लेकरू असलेल्या बाईसारखी. चूल अशी बसवलेली असते की बोट कलली तरी भांडं सरळ राहावं. चारी बाजूंनी पाणी, पण पिता येत नाही. खाऱ्याचं गोडं करायचं यंत्र असतं, ते बिघडलं तर पाणी जपून वापरायचं. पाणी जपून वापरणं मराठवाड्यातल्या बाईला कुणी शिकवायची गरज नाही.

खाण्याचं तर फार जुनं दुखणं आहे. अडीचशे वर्षांपूर्वी इंग्रजांचा कॅप्टन जेम्स कुक जग फिरला. तो एका शेतमजुराचा मुलगा. त्या काळी महिनोन्‌महिने ताजं काही पोटात न गेल्यानं खलाशांच्या हिरड्या सुजायच्या, दात पडायचे, माणसं मरायची. कुकनं आंबवलेली कोबी पिंपं भरून सोबत घेतली. खलाशी खाईनात. मग त्यानं ती अधिकाऱ्यांच्या पंगतीत रोज वाढायला लावली. साहेब खातायत म्हटल्यावर सगळे मागून खाऊ लागले! मोठमोठ्या सफरी तोफांइतक्याच पिंपात काय साठवलंय त्यावर चालल्या. लोणचं, सांडगे, वाळवण करणाऱ्या आपण. साठवणीची किंमत आपल्याला कळते.

आता या गोष्टीचा जो भाग मला सगळ्यात मोठा वाटतो, तो सांगते. दोंदे परत आले, मानसन्मान झाला, शौर्यचक्र मिळालं. 'पहिला भारतीय' म्हणून आयुष्यभर मिरवता आलं असतं. त्यांनी काय केलं? जे शिकले ते पुढच्याला दिलं. त्यांच्या सफरीत मदतीला असलेले अभिलाष टॉमी १ नोव्हेंबर २०१२ ला त्याच म्हादईवर मुंबईहून निघाले आणि ३१ मार्च २०१३ ला, कुठंही न थांबता, एकट्यानं फेरी पूर्ण करून आले. आणि त्यानंतर दोंद्यांनी शिकवलं ते सहा मुलींना.

मुलींचं सांगायच्या आधी तुमच्या अंगणातल्या एका वेलीचं सांगते. बोगनवेल. कागदासारखी गुलाबी फुलं येतात ती. कुंपणाला, ग्रामपंचायतीच्या दाराला असते. तिला ते नाव मिळालं बोगनवील नावाच्या फ्रेंच नौदल अधिकाऱ्यावरून. १७६६ साली तो जगप्रदक्षिणेला निघाला. सोबत झाडापाल्याचा अभ्यास करणारा एक विद्वान होता. ब्राझीलच्या किनाऱ्यावर ही वेल सापडली. त्या विद्वानाच्या हाताखाली एक पोऱ्या होता. ओझी उचलायचा, झाडं गोळा करायचा. तो पोऱ्या म्हणजे खरं तर एक बाई होती, झान बारे तिचं नाव. बाईला जहाजावर बंदी, म्हणून छाती घट्ट बांधून, पुरुषाचे कपडे घालून ती चढली होती. १७६८ साली ते उघडकीला आलं. पुढं वाटेत बरीच वर्षं काढून ती फ्रान्सला परतली. जगाला फेरी मारणारी पहिली बाई म्हणून आज तिचं नाव घेतात. वेलीला नाव साहेबाचं मिळालं, आणि तिला मात्र जहाजावर स्वतःचं नावसुद्धा लपवावं लागलं.

त्यानंतर अडीचशे वर्षांनी, १० सप्टेंबर २०१७ ला, गोव्यातून 'तारिणी' नावाची बोट निघाली. तीही दिवाडीत दांडेकरांनीच बांधलेली. तिच्यावर आपल्या नौदलाच्या सहा बायका होत्या, स्वतःच्या नावानं, स्वतःच्या गणवेशात. कप्तान वर्तिका जोशी, उत्तराखंडच्या. प्रतिभा जामवाल, हिमाचलच्या कुलूच्या. पी. स्वाती विशाखापट्टणमच्या. ऐश्वर्या बोड्डापाटी हैदराबादच्या. पायल गुप्ता डेहराडूनच्या. विजया देवी मणिपूरच्या. आता नकाशा आठवा. यातल्या एकट्या विशाखापट्टणमला समुद्र आहे. बाकीच्या पाचजणींच्या राज्यालाच समुद्र नाही! कुलूची मुलगी बर्फात वाढलेली. मग आपण परभणीवाल्यांनी 'समुद्र कुठं पाहिलाय' म्हणून का अडावं?

त्यांना एकदम जगाच्या फेरीला पाठवलं नव्हतं. आधी म्हादईवर शिकल्या, २०१६ मध्ये मॉरिशसला जाऊन आल्या, मग केप टाउन. पायरीपायरीनं. मोठ्या सफरीत न्यूझीलंड ते फॉकलंड हा टप्पा चाळीस दिवसांचा होता. गार वारा, डोंगरासारख्या लाटा, आणि चाळीस दिवस जमीन नाही. जानेवारी २०१८ मध्ये त्यांनी केप हॉर्न पार केलं. समुद्रावरची माणसं त्या जागेला आपल्याकडच्या अवघड घाटासारखी मानतात. परतीच्या वाटेवर सुकाणूत बिघाड झाला. त्यांनी ताणून धरलं नाही, मॉरिशसला थांबून दुरुस्ती करून घेतली. २१ मे २०१८ ला गोव्यात परत आल्या. २५४ दिवसांची सफर, त्यातले १९९ दिवस समुद्रात.

पुढं २ ऑक्टोबर २०२४ ला त्याच तारिणीवर दोघीच निघाल्या, लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. २९ मे २०२५ ला परत आल्या. २५,००० सागरी मैलांहून जास्त अंतर, दोघीजणींनी. एक निजली की दुसरी जागी.

तुम्ही म्हणाल, ताई सगळं चांगलंच सांगतायत. धोका नाही का? आहे. अभिलाष टॉमी २०१८ मध्ये दुसऱ्या एका शर्यतीत होते. सप्टेंबरमध्ये हिंदी महासागरात मोठं वादळ आलं, बोटीची डोलकाठी मोडली, पाठीला जबर मार लागला. उठता येईना. मुख्य भूमीचा किनारा हजारो किलोमीटर लांब. तीन दिवसांनी मासेमारीवर गस्त घालणाऱ्या एका फ्रेंच जहाजानं त्यांना उचललं. भारत, ऑस्ट्रेलिया आणि फ्रान्स, तीन देश एका माणसासाठी धावले. बरे झाल्यावर ते पुन्हा त्याच शर्यतीत उतरले आणि २०२३ मध्ये दुसरे आले. धोका लपवून मुलींना पाठवू नये. पण धोका आला तर कोण धावून येणार, हेही माहीत करून घ्यावं.

हे सगळं वाचल्यावर मला त्या माऊलीचा प्रश्न वेगळा दिसायला लागला. 'एकली कशी जाईल?' दोंद्यांना सगळे 'एकटे गेले' म्हणतात. पण मोजा बरं. विंचुर्णीचे आवटी, इंग्लंडचे गुरू, दिवाडीचे दांडेकर आणि त्यांचे कामगार, चार बंदरांवर मदतीला धावलेली माणसं, हे सगळे त्या बोटीच्या मागं होते. कुणी एकटं जात नाही. मागं माणसं उभी असतात म्हणून एकजण पुढं जातो. मग प्रश्न पोरीला विचारायचा नसतो, आपल्याला विचारायचा असतो. आपण कितीजणी तिच्या मागं उभ्या आहोत?

म्हणून पुढच्या बैठकीत मी सगळ्यांसमोर त्या पोरीची माफी मागितली आणि आम्ही कामं वाटून घेतली. तुमच्या गावात अशी मुलगी असेल तर तुम्हालाही उपयोग होईल, म्हणून सांगते. पहिलं, जाहिरात नीट वाचायची. वय, शिक्षण, उंची, अटी, सगळं. आमच्यातल्या एकीचा मुलगा ग्रामपंचायतीत संगणकावर बसतो, त्यानं ते वाचून दाखवलं. अग्निवीरची नोकरी चार वर्षांची असते आणि पुढं जास्तीत जास्त चौथा हिस्सा मुलं-मुली कायम होतात, हे आईबापाला आधी स्पष्ट सांगायचं. म्हणजे नंतर फसल्यासारखं वाटत नाही. दुसरं, दलालाला एक रुपया द्यायचा नाही. 'मी आत लावून देतो' म्हणणारा माणूस खोटा असतो. तिसरं, धावायचा सराव. पहाटे रस्त्यावर मुलगी एकटी नको, म्हणून घरचं कुणीतरी सोबत. चौथं, तिच्या वाट्याचं घरकाम परीक्षेपर्यंत भावानं करायचं. यावर जरा कुरकुर झाली, पण झालं.

आणि आपली ही पहिलीच पोरगी नाही. ओडिशात चिल्का इथं नौदलाच्या अग्निवीरांचं प्रशिक्षण होतं. मार्च २०२३ मध्ये तिथून पहिली तुकडी बाहेर पडली, त्यात २७३ मुली होत्या. त्यांच्या आयांनीही असाच प्रश्न विचारला असेल.

आमच्या पोरीचं काय होईल, ते मला आज सांगता येत नाही. परीक्षा व्हायचीय. निवड होईल, नाहीही होणार. पण रोज पहाटे पाचला ती शेताच्या रस्त्यानं धावते. आणि जे वडील काही बोलत नव्हते ना, ते मैलाच्या दगडापाशी हातात मोबाईलची बॅटरी आणि घड्याळ घेऊन उभे असतात. परवा त्या मला म्हणाल्या, "ताई, हे अजूनही बोलत नाहीत काही. पण कालच्यापेक्षा किती सेकंद कमी लागले, ते लिहून ठेवतात."

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत हप्ते जमा झाले की पाच मिनिटं जास्त थांबा. आपल्या गावातली कुठली मुलगी दारात उभी राहून ऐकतीय, ते पाहा. आणि तिला आत बोलवा.